आप्पांचा आक्षेप

आप्पांना आधी उधळपट्टीचा वास येतो, मग चहाचा. सरकारी लेखापरीक्षणात 34 वर्षं काढल्यावर माणूस निवृत्त होतो, त्याचे आक्षेप होत नाहीत. घरात त्यांची एक वही आहे. तिला चारच रकाने: घरखर्च, औषधं, देणंघेणं आणि उधळपट्टी. नातवाची बॅट, सुनेचा दुसरा चष्मा आणि भारताचा अंतराळ कार्यक्रम हे तिन्ही चौथ्या रकान्यात. तिसऱ्याची रक्कम रकान्यात मावत नाही, म्हणून तिथे नुसता 'अर्थसंकल्प पाहावा' असा शेरा आहे.

असे आप्पा गावोगावी असतात. गल्लीतल्या खड्ड्याला ते वर्षभर मुकाट वळसा घालतात. रॉकेट उडायच्या आदल्या दिवशी मात्र तो खड्डा त्यांना आठवतो. ''इथे खांबावर दिवा नाही आणि हे निघालेत चंद्रावर!''

मी एकदा आकडे घेऊनच गेलो. ''आप्पा, 2023-24 चा केंद्राचा अर्थसंकल्प 45 लाख कोटींचा. त्यात अंतराळ खात्याला साडेबारा हजार कोटींच्या आसपास. म्हणजे शंभर रुपयांत 30 पैसेसुद्धा नाहीत.''

''तीस पैसे कुठे गेले हे शोधायचाच मला पगार होता.''

''आणि हा पैसा काही वर जात नाही हो. रॉकेटची कवचं आपल्या इंदापूर तालुक्यात, वालचंदनगरला बनतात. इंजिनं विक्रोळीत.''

''त्यांची बिलं वेळेवर निघतात का?'' आप्पांनी विचारलं. हा प्रश्न मला सुचला नव्हता.

मंगळयानाच्या वेळची गोष्ट. मंगळ किलोमीटरला सात रुपयांत पडला, अहमदाबादच्या रिक्षापेक्षा स्वस्त, असं 2014 साली पंतप्रधानांनी सांगितलं आणि देश खूश झाला. आप्पांनी वही उघडली. 450 कोटी रुपये, 65 कोटी किलोमीटर. भागाकार बरोबर निघाला, त्यामुळे ते जरा हिरमुसले. मग म्हणाले, ''यान परत येणार आहे?''

''नाही.''

''मग हे एकेरी भाडं झालं. रिक्षावाला रिकाम्या परतीचंही घेतो.''

खरं सांगायचं तर रिक्षाचं ते कौतुक मलाही कधी पटलं नाही. स्वस्तात जमतं म्हणून कुणी मंगळावर जात नाही. पण आप्पांना हे सांगण्यात अर्थ नव्हता, कारण त्यांचा पुढचा मुद्दा तयार होता: स्वतःचं कशाला हवं? बाहेरून घ्यावं, टीव्हीची छत्री घेतो तसं.

''तेही करून झालंय,'' मी म्हटलं. रॉकेटची क्रायोजेनिक इंजिनं आणि ती बनवायची विद्या, दोन्हींसाठी 1991 मध्ये आपण सोव्हिएत संस्थेशी करार केला. अमेरिकेने 1992 मध्ये देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांवर निर्बंध घातले. शेवटी रशियाने तयार इंजिनं दिली, विद्या दिली नाही. आपलं इंजिन बसवलेलं जीएसएलव्ही रॉकेट 2010 मध्ये पडलं. ते नीट उडायला जानेवारी 2014 उजाडलं.

आप्पा सावरून बसले. अग्निबाण त्यांना कळत नाही, पण मोडलेला करार कळतो.

''दंडाची अट नव्हती?''

''नसावी.''

''एकच पुरवठादार, पर्यायी व्यवस्था नाही, दंड नाही. गंभीर आक्षेप. आधीपासून स्वतःचं करायला घ्यायला हवं होतं.''

''मी तेच म्हणतोय.''

''तू नाही म्हणत. नियम म्हणतो.''

एकदाच त्यांना निरुत्तर झालेलं पाहिलं. विषय वादळांचा होता. 1999 मध्ये ओडिशात महाचक्रीवादळ आलं, सुमारे दहा हजार माणसं गेली. 2013 मध्ये त्याच किनाऱ्यावर फायलिन आलं तेव्हा मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. सगळं श्रेय उपग्रहांचं नाही. मधल्या काळात निवारे बांधले गेले, लाखो लोकांना हाताला धरून हलवलं. पण हलवायचं कधी आणि कुठून, हे ठरवायला वादळ समुद्रावर असतानाच दिसावं लागतं. आप्पांचं पेन वहीवर बराच वेळ तसंच राहिलं. मग त्यांनी हळूच विचारलं, ''न मेलेली माणसं कुठल्या लेखाशीर्षाखाली दाखवतात रे?''

मला सांगता आलं नाही. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

2019 मध्ये चंद्रावर उतरताना विक्रम लँडर शेवटच्या टप्प्यात कोसळला, तेव्हा आप्पा 'मी सांगत होतो' असं म्हणाले नाहीत. आमच्या घरून निघाले ते अनवाणीच. चपला न्यायला दुसऱ्या दिवशी आले.

23 ऑगस्ट 2023 ला मात्र सोसायटीच्या हॉलमध्ये पहिली खुर्ची त्यांची होती. मांडीवर वही. पडद्यावर उंची उतरत होती, वेग उतरत होता, आणि आप्पा दर मिनिटाला आकडे टिपत होते, जणू इस्रोला नंतर पडताळणीला लागतील. सहा वाजून चार मिनिटांनी चंद्रयान-3 टेकलं. पोरं खुर्च्यांवर चढली. आप्पांनी माझी बाही ओढली.

''किती दिवस चालणार हे?''

''चंद्राचा एक दिवस. म्हणजे आपले चौदा.''

''615 कोटी भागिले 14. दिवसाला 44 कोटी पडले!'' असं म्हणून ते उठले आणि निघून गेले. वीस मिनिटांनी पेढे घेऊन परत आले. पाव किलो. माणसं जास्त होती, म्हणून एकेकाला अर्धा.

पेढ्यांची पावती त्यांनी तिथेच वहीला टाचली. मी वाकून रकाना पाहिला: घरखर्च. चौथ्या रकान्यातली जुनी नोंद मात्र अजून तशीच आहे. लेखापरीक्षणात खाडाखोड चालत नाही.