पैनगंगेपलीकडे पैसा कसा न्यावा

परदेशी निघालेल्या किनवटकराला पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोनवर उपदेश करू लागले, तर तो ऐकून घ्यावा, मानू नये. परक्या चलनाचा अनुभव आपल्याकडे जुना आहे. निजामाच्या राज्यात किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होतं (नांदेडच्या पदरात आपण पडलो ते 1956 साली) आणि बाजारात चाले तो चारमिनार छापाचा हाली शिक्का. पैनगंगा ओलांडून उमरखेडकडे गेलं की वऱ्हाड लागे, आणि तिथे इंग्रजांचा कलदार. त्यातही कागदोपत्री वऱ्हाड निजामाचंच. 1902 मध्ये इंग्रजांनी ते कायमच्या पट्ट्याने घेतलेलं. म्हणजे आपल्याच राजाच्या मुलखात आपल्याच राजाचा रुपया बदलून घ्या! शंभर कलदारांना 116 रुपये 10 आणे 8 पै हाली, हा सरकारी हिशेब. बाजारातला भाव समोरच्या शेटजींच्या चेहऱ्यावर वाचायचा.

तेव्हा एक गोष्ट आधीच मनाशी धरावी, की बट्टा बसणारच. पूर्वी दुकानदार नाणं ओट्यावर आपटून, आवाज ऐकून बट्टा कापी. आता बँक आवाज न करता कापते. साध्या डेबिट किंवा क्रेडिट कार्डाने परदेशात खर्च केला, तर बऱ्याच बँका साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप लावतात आणि त्या मार्कअपवर जीएसटी. हाली-कलदारात निदान भांडायला समोर माणूस तरी होता.

आता रोखीचा विचार. बहुतेक देशांना जाताना एका खेपेला 3000 डॉलरपर्यंत नोटा नेता येतात, शिवाय आपले रुपये 25000 पर्यंत. आपली मंडळी या नोटा ठेवण्यासाठी बनियनला आतून चोरखिसा शिवून घेतात. खिसा उत्तमच असतो. फक्त दुबईच्या दुकानात पाण्याची बाटली घेताना सदऱ्याची तीन बटणं सोडावी लागतात, मागे रांग खोळंबते आणि सौभाग्यवती आपण यांच्यासोबत नाहीच असा चेहरा करून चॉकलेटं बघू लागतात. त्यातून नोट निघते ती शंभर डॉलरची, घामाने ओलसर, आणि दुकानदार म्हणतो सुटे द्या. म्हणून लहान नोटा वरच्या खिशात ठेवाव्यात. चोरखिसा हा संकटकाळासाठी असतो, तहानेसाठी नव्हे.

रोखीला लुटीची भीती असते, हे कार्डवाले हमखास ऐकवतील. त्यांना उमरीची आठवण द्यावी. 1948 च्या जानेवारीत हैदराबाद मुक्तीच्या लढ्यासाठी स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीची बँक लुटली, ती रोख होती म्हणूनच. तिथे कार्डं असती तर लढा पिन नंबरापाशी अडला असता.

कार्ड नेणाऱ्यांनी आधी एवढं करावं, की ते परदेशात चालतं का हे पाहावं. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानुसार नवं कार्ड हाती येतं ते देशातल्या देशात चालणारं; परदेशातला वापर आपण मागून चालू करून घ्यायचा असतो. त्यासाठी बँकेचं ॲप, ॲपसाठी ओटीपी, आणि ओटीपी येतो भाच्याच्या मोबाईलवर. कारण खातं उघडलं त्या दिवशी तोच सोबत होता. भाचा नेमका नंदिग्राम एक्सप्रेसमध्ये, रेंज गेलेली, आणि मामा बँकॉकच्या हॉटेलात काऊंटरवर दोन्ही कोपर टेकून उभे. निघण्याआधी बँकेत स्वतः जाऊन नंबर बदलून घ्यावा. अर्ज भरताना जुना नंबर कुणाचा, हे विचारतील, लाजू नये.

तिथल्या मशीनवर कार्ड लावलं की कधीकधी पडद्यावर प्रश्न येतो: पैसे रुपयांत देणार की इथल्या चलनात? रुपया दिसला की आपला जीव भरून येतो. नेमका तिथेच घात असतो. रुपयांचा भाव दुकानदाराची बाजू ठरवते आणि आपलं प्रेम त्यात वसूल करून घेते. बोट निमूटपणे तिथल्या चलनावर ठेवावं. क्रेडिट कार्डाने एटीएममधून नोटा तर मुळीच काढू नयेत. व्याज पहिल्या दिवसापासून धावू लागतं.

यूपीआयवाल्यांनी फार उड्या मारू नयेत. आयफेल टॉवरच्या तिकिटाला 2024 पासून यूपीआय चालतं हे खरं, पण बाकी पॅरिसात मोबाईल पुढे करून ‘भाऊ, स्कॅनर कुठंय?’ विचाराल तर उत्तर फ्रेंचमध्ये येईल. नेपाळ, भूतान, सिंगापूर, दुबई इथेही ते चालतं, पण ठरलेल्या ठिकाणीच.

माझं मत विचाराल तर मोठी रक्कम फॉरेक्स कार्डावर भरावी, कारण भाव भरतानाच ठरतो आणि पुढे रोज पेपर उघडून डॉलर बघत बसावं लागत नाही. चार-पाच दिवसांच्या चहापाण्याइतक्या नोटा, आणि एक साधं डेबिट कार्ड सौभाग्यवतींच्या पर्समध्ये. नवरा-बायकोने सगळा पैसा एकाच पिशवीत ठेवून ती पिशवी टॅक्सीत विसरणं ही एकजूट परदेशात महागात पडते.

परतताना उरलेल्या नोटा बदलून मिळतात. नाणी मात्र सहसा कुणी घेत नाही, म्हणून ती शेवटच्या दिवशी विमानतळावर बिस्किटांत संपवावीत. माहूरच्या दानपेटीत टाकू नयेत. रेणुकामातेला चालतील, मोजणाऱ्यांना चालणार नाहीत. तरीही उरलीच, तर भाच्याला द्यावीत. एवढे ओटीपी सांगितलेत त्याने, फुकट थोडेच सांगितले असतील.