अंबाड्याला चालेल अशी पेन्सिल

चांगली पेन-पेन्सिल कशी निवडावी यावर जगात भरपूर सल्ला उपलब्ध आहे, आणि तो सगळा हाताविषयी आहे. पकड कशी हवी, तोल कुठे हवा, वजन किती हवं. सल्ला देणाऱ्या मंडळींची अशी समजूत दिसते की पेन्सिल सकाळी हातात येते ती रात्री झोपतानाच सुटते. माझी पेन्सिल दिवसातला फार थोडा वेळ हातात असते. उरलेला वेळ ती अंबाड्यात, पर्सच्या तळाशी, फरशीवर, नाहीतर 'एक मिनिट हं' म्हणून घेऊन गेलेल्या माणसाकडे असते. स्थळ बघताना मुलगा ऑफिसात कसा बोलतो हे विचारू नये, घरी आल्यावर चपला कुठे काढतो ते विचारावं, असं आमची आजी सांगायची. पेन्सिलीलाही तोच नियम लावावा, अशा मताला मी आले आहे.

मी मुद्रितं तपासते. लाल पेनने केलेली खूण लेखकाला शिक्षा वाटते; तीच पेन्सिलीने केली की त्याला वाटतं, अजून वाटाघाटीला वाव आहे. वाव नसतो, पण तो फोनवर निदान नीट बोलतो. काम हातावेगळं झालं की मी त्याच पेन्सिलीने ठिपक्यांच्या रांगोळ्या आणि गॅलरीतल्या कुंड्या काढत बसते. लाकडी पेन्सिलीशी माझं काही वाकडं नाही, फक्त तिला टोक करावं लागतं. आणि टोक करायला उठलेला मराठी माणूस चहा टाकल्याशिवाय परत बसत नाही. एका फॉर्म्यात इतका चहा झेपत नाही.

म्हणून अप्पा बळवंत चौक गाठला. पेन-पेन्सिली दाखवा म्हटल्यावर दुकानदारांनी चष्म्यावरून पाहिलं.

"इंजिनिअरिंगला कोण आहे घरात?"

"मीच," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि काही न बोलता ट्रे पुढे सरकवला. पुण्यात याला अगत्य म्हणतात.

पहिला प्रश्न जाडीचा. शिसं ०.३, ०.५, ०.७ आणि ०.९ मिलिमीटरचं मिळतं, आणि आरेखकांच्या क्लच पेन्सिलीला २ मिलिमीटरची जाड कांडी लागते. पुस्तकं सांगतात की बारीक अक्षराला ०.५, रोजच्या लिहिण्याला ०.७, चित्रांना ०.९. माझ्या मते जाडी स्वभावावरून ठरवावी. 'आशिर्वाद' असा पहिल्या वेलांटीने छापलेला दिसला की माझा हात आपोआप जड होतो, आणि ०.३ चं शिसं जागच्या जागी प्राण सोडतं. शांत, क्षमाशील माणसांनी ०.३ घ्यावं. संसार, लहान मुलं किंवा संपादन यांपैकी काहीही अंगावर असेल तर ०.७ च्या खाली उतरू नये. लाकडी पेन्सिलीतलं शिसं म्हणजे ग्रॅफाइट आणि चिकणमाती भट्टीत भाजून केलेली कांडी. ती इतकी बारीक केली तर लिहिण्याआधीच मोडेल. १९६० साली जपानच्या पेन्टेल कंपनीने मातीऐवजी पॉलिमरने बांधलेलं शिसं आणलं, म्हणून आज ०.५ ची काडी निदान 'श्री' लिहून होईपर्यंत तग धरते.

काळेपणाचं गणित सोपं आहे. एच म्हणजे कडक आणि फिकं, बी म्हणजे मऊ आणि काळं, एचबी म्हणजे सर्वपक्षीय. मी बी घेते. एचबीची खूण जुळाऱ्याला दिसत नाही, किंवा त्याला तसं म्हणता येतं.

आता आतली करामत. दुकानदार गिऱ्हाइकात गुंतले आहेत असं बघून मी एका पेन्सिलीचं टोक पिळून काढलं. आत पितळेचा इवलासा चिमटा, त्याला तीन जबडे, आणि जबड्यांभोवती कडं. वरचं बटण दाबलं की चिमटा शिसं धरून पुढे सरकतो, कडं वाटेत अडतं, जबडे उघडतात. बोट सोडलं की चिमटा मागे जातो, पण शिसं जात नाही, कारण टोकापाशी बसलेला रबराचा बारीकसा मणी त्याला तेवढ्यापुरता धरून ठेवतो. एकाने सोडायच्या आत दुसऱ्याने धरायचं, एवढंच तत्त्व. सरकारी कचेऱ्यांत टेबल बदलताना फायलीला असा मणी मिळाला असता तर देश कुठच्या कुठे गेला असता.

या रचनेत एक खोट मात्र आहे. शिशाची कांडी साधारण ६० मिलिमीटरची असते, आणि जबड्यांच्या पुढे गेलेला शेवटचा सेंटिमीटरभर तुकडा धरायला कुणीच उरत नाही. नव्या कांडीने त्याला मागून ढकलत लिहिता येतं, पण तो जागेवर गरगर फिरतो आणि अक्षराला कंप सुटतो. म्हणजे सहावा हिस्सा वाया! इतर गावची माणसं असे तुकडे फेकून देतात असं ऐकते. माझ्याकडे ते हिंगाच्या डबीत जमा आहेत. त्यांचं काय करायचं ते ठरलेलं नाही, पण फेकायचे नाहीत हे ठरलेलं आहे.

मग मुख्य परीक्षा. मी एकेक पेन्सिल उचलून अंबाड्यात खोचून बघायला लागले. रॉट्रिंग ६०० ही जर्मन पेन्सिल आरेखनाच्या जगात खानदानी मानली जाते: पितळी अंग, सहा कोन, त्यामुळे टेबलावरून घरंगळत नाही, आणि बोटं घसरू नयेत म्हणून पकडीवर कोरलेली बारीक खरखर. हातात धरली की आपण आता धरणच बांधणार, असं वाटतं. पण पितळ म्हटलं की वजन आलंच. वीस-बावीस ग्रॅमचं हत्यार मानेवर खोचलं तर दुपारपर्यंत अंबाडा खांद्यावर येऊन टेकतो. आणि अशी खरखरीत पकड, कुठल्याही कंपनीची असो, केसांत जाताना गुणी मुलीसारखी जाते आणि येताना दहा-वीस केस सोबत आणते. त्या वयात मी आता नाही. उलट गुळगुळीत गोल प्लास्टिकची पेन्सिल इतकी विनयशील की मान हलवली तरी निघून जाते.

माझी ही चाचणी दुकानदार बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "ताई, आकडे पलीकडे तुळशीबागेत मिळतात."

मी दुर्लक्ष केलं. इतिहास माझ्या बाजूचा आहे. १९१५ साली टोकियोत हायाकावा तोकुजी यांनी धातूची फिरवायची पेन्सिल बाजारात आणली, तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यांनी नाक मुरडलं, ते लिहिता येत नाही म्हणून नव्हे. धातू हिवाळ्यात हाताला गार लागतो आणि ही वस्तू किमोनोवर शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं. परदेशातून मागणी आली तेव्हा कुठे ती घरात शोभायला लागली. तिचं नाव पुढे 'एव्हर-रेडी शार्प' पडलं. १९२३ च्या भूकंपात कारखाना गेला, हायाकावा ओसाकाला गेले आणि रेडिओ करायला लागले. टीव्हीवर आणि कॅल्क्युलेटरवर दिसणारं 'शार्प' हे नाव मूळचं त्या पेन्सिलीचं. तेव्हा पेन्सिल अंगावर कशी राहते हा प्रश्न मी एकटीच विचारत नाही. शंभर वर्षांपूर्वी टोकियोच्या पेठेतही तो विचारला गेला आहे.

मग दुकानदारांनी ठेवणीतली काढली, कुरुतोगा. हिच्या पोटात दातेरी चक्रं आहेत. दर वेळी टोक कागदावर टेकून उचललं की शिसं ९ अंशांनी फिरतं, म्हणजे ४० वेळा टेकवलं की एक पूर्ण गिरकी. त्यामुळे शिसं एकाच बाजूने झिजत नाही आणि रेघ सारखी येते. माझे काका बांधकाम खात्यात आरेखक होते. ते लांब रेघ ओढताना क्लच पेन्सिल बोटांत अलगद फिरवत जायचे, नेमकं हेच साधायला. (त्या पेन्सिलीचं बटण दाबलं की जबडे पुरते उघडतात आणि कांडी थेट खाली येते, म्हणून काका बटण दाबताना डावा तळवा खाली धरायचे, तीर्थ घेतल्यासारखा.) काकांच्या बोटांचं काम २००८ साली जपान्यांनी चक्रांवर सोपवलं.

ही पेन्सिल देवनागरीसाठीच केली असावी, इतकी तिला ती मानवते. आपल्याकडे हात सारखा उचलावा लागतो: काना, वेलांटी, अनुस्वार, रफार, वरून शिरोरेघ. नुसतं 'विद्यार्थिनींनी' लिहिलं तरी शिशाची जवळजवळ अर्धी गिरकी होते. मोडी लिहिणाऱ्या कारकुनाला मात्र तिचा काडीचा उपयोग झाला नसता. पानभर रेघ आधीच ओढून ठेवायची आणि तिच्याखाली हात न उचलता दौडत जायचं, हीच मोडीची ख्याती. पेशव्यांच्या दफ्तरात ही पेन्सिल पोचली असती तर फेरीस्त लिहून झाली तरी बिचारी आपली पाळी यायची वाट बघत राहिली असती.

मी हरखले. पण मला अजून एक परीक्षा घ्यायची होती, फरशीची. आरेखनाच्या पेन्सिलीला पुढे सुमारे ४ मिलिमीटरची सुईसारखी नळी असते, पट्टीच्या कडेला नीट लागावी म्हणून. पेन्सिल पडते ती याच नळीवर. पाव वाटोळं फिरून, नेम धरून, नळीवर. नळी वाकली की शिसं बाहेर येत नाही आणि पेन्सिल शोभेची होते. शिवाय अशी उघडी नळी अंबाड्यात असली की मानेवर रेघोट्या उमटतात. "मानेवर कुणी दुरुस्ती सुचवली आहे?" असं नवऱ्याने विचारलं तेव्हाच मी ठरवलं की नळी आत जाणारी हवी. अशा मिळतात. पेन्टेलची ग्राफगिअर १००० तर क्लिप दाबली की खट् आवाज करून तोंड आत घेते. ही कला काही लेखकांना शिकवता आली तर बघायला हवी.

राहता राहिला माणूस. बँकेत एका गृहस्थांची नजर माझ्या अंबाड्यावर गेली. "ताई, जरा पेन." "पेन्सिल आहे हो ती." "चालेल, चालेल." त्यांनी बटण दाबलं. बॉलपेनच्या हिशेबाने टोक पुरेसं बाहेर आलेलं दिसेना, म्हणून ते दाबतच राहिले. शिसं पेराएवढं बाहेर आलं. मग 'रुपये अक्षरी' पुढे त्यांनी जन्मभर कार्बन कॉपी काढलेल्या हाताने 'पा' काढायला घेतला. कट्. पुन्हा बटण, पुन्हा कट्. स्लिपवर शिशाचे तुकडे, आणि रक्कम अजून 'पाच' की 'पाचशे' ते ठरायचं होतं. पेन्सिल परत देताना ते मायेने म्हणाले, "तुमचं रिफिल संपलंय."

तेव्हापासून मी दोन पेन्सिली बाळगते. एक कामाची आणि एक लोकांना द्यायची. दुसरी दहा-वीस रुपयांची, जाड शिशाची असावी. आणि तिच्या टोपणाखालचं खोडरबर जागेवर असावं, कारण मागणाऱ्याला ते वापरायचा मोह हमखास होतो. पेन्सिलीच्या मालकाने ते कधी वापरलेलं मी पाहिलेलं नाही.

कामाची म्हणून मी ०.७ ची, हलकी, गुळगुळीत पण पैलूदार, नळी आत जाणारी घेतली. चक्रांवाली नव्हे, कुरुतोगाशी मन अडकलं होतं, पण त्या दिवशी दुकानात होती ती ०.५ ची, आणि टेबलावर नवकवींचा संग्रह यायचा होता.

परवा शिशाची डबी आणायला पुन्हा दुकानात गेले. काउंटरपाशी एक तरुण बाई पेन्सिली बघत उभ्या होत्या, केस सैल गुंडाळलेले. मला पाहून दुकानदारांनी ओळख दाखवली नाही, पण आवाज चढवून त्यांना सांगू लागले, "ही बघा, वजनाला हलकी, टोक आत जातं, मानेला लागत नाही. अंबाड्यात दिवसभर राहते. तुळशीबागेत जायचं कारणच नाही."

मग जरा थांबून म्हणाले, "लिहितेपण चांगली."