पळता कशाला, सरळ द्या की!

प्रति,
सन्माननीय क्रीडा समीक्षक मंडळ,
चहाची टपरी, बार्शी नाक्याच्या पुढे, बीड.

विषय : पहाटे पळणाऱ्या इसमाबाबत आपण वेळोवेळी दिलेल्या अभिप्रायांची पोच देणेबाबत.

संदर्भ : आपली रोजची शेरेबाजी, सकाळी सहापासून आपल्याला उठावंसं वाटेपर्यंत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय कळवतो की, जानेवारीत मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये 42.195 किलोमीटर पळण्याचा माझा इरादा असून, त्या निमित्ताने ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या एका वसतिगृहासाठी पैसे गोळा करण्याचं काम मी अंगावर घेतलेलं आहे. ही माहिती मंडळाला दिवाळीनंतर तोंडी दिली होती. ती विचारात न घेता मंडळाने चौकशी चालूच ठेवल्यामुळे आता लेखी देत आहे.

आपल्या जिल्ह्यात माणूस पहाटे पळताना दिसला तर त्याची कारणं दोनच. वय पंचविशीच्या आत असेल तर पोलीस भरती, चाळिशीच्या पुढे असेल तर शुगर. मी दुसऱ्या गटात मोडतो, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात मंडळाने निकाल देऊन टाकला : ‘सरांना शुगर निघालीय.’ निकाल शहरभर गेला. शेजारच्या वहिनींनी संकष्टीचे मोदक आमच्याकडे पाठवायचे बंद केले. कॉलेजातल्या एका सहकाऱ्याने स्टाफरूममध्ये कोपऱ्यात नेऊन मेथीदाण्याची पुडी हातात ठेवली आणि ‘कुणाला सांगत नाही’ असा शब्द दिला. रक्त तपासून रिपोर्ट टपरीवर आणून दाखवला, तर मंडळाचं म्हणणं पडलं की लॅब बदलून बघा.

भरतीच्या पोरांना मात्र आपण कधी अडवत नाही. ती 1600 मीटरचा सराव करत समोरून जातात तेव्हा आपण कप खाली ठेवता. त्यांच्या पळण्याच्या शेवटी वर्दी आहे, पगार आहे, पुढे हुंडाही आहे. माझ्या पळण्याच्या शेवटी एक पदक आणि एक केळ आहे. मंडळाचा हिशेब चोख आहे, मी तो मान्य करतो.

आता आपल्या शेकोटीविषयी थोडं. जुना टायर पेटवून तिच्याभोवती उकिडवं बसण्याची आपली पद्धत आहे. डिसेंबरच्या पहाटे हवा जड असते, धूर वर जात नाही, रस्त्याच्या अंगाने सरपटत राहतो, आणि मी त्यातून तोंड उघडं टाकून जातो, कारण पाचव्या किलोमीटरनंतर नाकाने श्वास पुरत नाही. त्या धुराने मला जो खोकला धरला तो ऐन लांब पल्ल्याच्या आठवड्यांत छातीत मुक्काम ठोकून बसला. त्यावर आपला अभिप्राय : ‘थंडीत पळाल्यावर दुसरं काय व्हायचं?’ उपाय आपणच सुचवले. हळदीचं दूध, बाजरीची भाकर, तिळाची चटणी, ओव्याची पुरचुंडी, कानाला मफलर. टायर विझवा, असं काही कुणी सुचवलं नाही.

धुरातून सुटलं की धुकं. बिंदुसरा धरणाच्या बाजूला ते इतकं दाट उतरतं की आपलाच हात पाहुण्याचा वाटतो. त्यात उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, दोन्ही ट्रॉल्यांना मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असेल तर तो चिखलाखाली. ट्रॅक्टर कुठे आहे हे फक्त त्याच्यावर लावलेल्या गाण्यावरून कळतं. गाणं मोठं होत गेलं की रस्ता सोडून खाली उतरायचं. असंच एकदा उतरताना घोटा मुरगळला आणि ऐन हंगामात घरी बसलो. दुसऱ्या दिवशी टपरीवर बातमी होती की सर दमले, सोडून दिलं.

बिबट्याचंही तसंच. आष्टी तालुक्यात नोव्हेंबर 2020 मध्ये बिबट्याने खरोखर माणसं मारली होती. लोक संध्याकाळी दारं लावून बसत होते आणि शेवटी डिसेंबरात करमाळा तालुक्यात त्याला गोळी घालावी लागली. त्यावर विनोद करायची माझी प्राज्ञा नाही. पण मंडळाला जो बिबट्या दर गुरुवारी माझ्याच रस्त्यावर दिसतो, तो मोबाइलमधल्या फोटोत कधी उसात असतो, कधी सागवानात, आणि एकदा तर त्याच्या मागे नारळाची झाडं होती. पालीच्या रस्त्याला नारळ कधी लागले?

या रस्त्यावर पहाटे एकच जमात अशी भेटते की जी काही विचारत नाही. शेतीला वीज रात्रीची येते, म्हणून हातात बॅटरी, खांद्यावर घोंगडं, दुसऱ्या हातात काठी घेऊन मोटार चालू करायला निघालेले शेतकरी. पायात भिजलेल्या चपला, गुडघ्यापर्यंत गारा. ते ‘राम राम’ म्हणतात आणि बांधाला वळतात. थंडीत बाहेर पडायला कारण लागतं, हे त्यांना ठाऊक आहे. कोणतं, याची चौकशी ते करत नाहीत.

मंडळातले एक सदस्य दर दोन दिवसांनी मला ‘आपल्या अविनाश साबळेकडं बघा’ असं सुनावतात. बघितलं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, शेतकऱ्याचा मुलगा. शाळा सहा किलोमीटरवर आणि जायला वाहन नाही, म्हणून पळत. बारावीनंतर सैन्यात, 5 महार रेजिमेंट, सियाचिनची ड्युटी. 3000 मीटर स्टीपलचेसमधला गोपाल सैनींचा 1981 पासूनचा राष्ट्रीय विक्रम त्याने 2018 मध्ये भुवनेश्वरला मोडला. 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याचं सुवर्ण 0.05 सेकंदांनी हुकलं, आणि 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने ते घेतलं. त्या शर्यतीत 28 वेळा आडव्या अडथळ्यावरून आणि 7 वेळा पाण्यावरून उडी घ्यावी लागते. बार्शी नाका ते पाली एवढं अंतर धरलं तर अडथळ्यांची संख्या आपल्याकडे जास्त भरेल. त्यामुळे असा खेळाडू बीडमधून निघाला याचं मला नवल वाटत नाही. तो शाळेत पळत जायचा तेव्हा त्याच्या वाटेवर एखादी टपरी होती का, आणि तिथून त्याला काय ऐकू यायचं, एवढंच जाणून घ्यायची इच्छा आहे.

सरावाच्या आड येणाऱ्या लग्नसराईच्या आणि हुरड्याच्या आमंत्रणांबद्दल लिहीत नाही. त्यात दोष माझ्या जिभेचा.

आता मूळ मुद्दा. तो मंडळातल्या शेकोटीपासून जरा बाजूला बसणाऱ्या बप्पांनी काढला, आणि एकदाच काढला. ‘सर, त्या पोरांना पैसेच द्यायचेत ना? मग पळता कशाला, सरळ द्या की.’ बाकीचे हसले. बप्पा हसले नाहीत. बप्पांनी जन्मभर कोयता धरला. कप धरतात तेव्हा त्यांची बोटं पूर्ण मिटत नाहीत, हे मी जवळून पाहिलं आहे. माझ्या पायातल्या बुटांची किंमतही त्यांनी त्याच दिवशी विचारली. आठ हजार म्हणालो. ते काही बोलले नाहीत, पण हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर दिसला, म्हणून तो मीच इथे मांडतो. जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के वाढ मिळून ऊसतोडीचा दर टनाला 366 रुपये झाला. आठ हजार म्हणजे साधारण 22 टन ऊस. नवराबायको मिळून एक कोयता, आणि एका कोयत्याला दिवसाला दीड-दोन टन जमतो. म्हणजे दोन माणसांची अकरा ते पंधरा दिवसांची तोड माझ्या पायात आहे.

मी पहाटे साडेचारला उठतो याचं माझ्या घरात कौतुक आहे. त्याच वेळी आपल्या जिल्ह्यातली माणसं कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे, पार कर्नाटकात बेळगावच्या बाजूला, कोपीतून बाहेर पडून दवाने भिजलेल्या फडात शिरलेली असतात. बाई तोडते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढवते, आणि उरलेले वाढे विकून मीठमिरची आणते. माझ्या सरावाच्या वेळापत्रकात एखादा दिवस चुकला तर त्याला विश्रांती म्हणतात आणि ती स्नायूंना चांगली असते. कोयत्याला खाडा पडला तर पैसे कापले जातात. 2019 मध्ये याच जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांनी देश हादरला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली, तेव्हा खाडा पडू नये म्हणून, असं कारण बायकांच्या तोंडून आलं होतं. थंडीत माझा गुडघा दुखतो, हे त्यानंतर कुणाला सांगावंसं वाटत नाही. तरी सांगतो, कारण मंडळ विचारतं.

मी ज्या गावांवरून पळतो तिथल्या निम्म्या घरांना नोव्हेंबरपासून कुलूप आहे. ओट्यावर म्हातारी, तिच्याजवळ दोन नातवंडं, अंगणात राखणीला ठेवलेलं उपाशी कुत्रं. ते कुत्रं माझ्या मागे लागतं, त्यात त्याचा काही दोष नाही. नातवंडं म्हातारीजवळ राहिली तर शाळेत जातील, फडावर गेली तर धाकट्याला सांभाळतील. त्यांच्यासाठी सरकारी हंगामी वसतिगृहं आहेत. संत भगवानबाबांच्या नावाने 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांना 2021 मध्ये मान्यताही मिळाली. शिरूर कासार तालुक्यात आर्वीला ‘शांतिवन’सारखी संस्था वर्षानुवर्षं असल्या मुलांना सांभाळते आहे. पण पोरं जास्त आणि खाटा कमी, हे गणित दर दिवाळीला नव्याने समोर येतं.

तर बप्पांच्या प्रश्नाचं उत्तर. सरळ का देत नाही? कारण आपण कुणीच सरळ देत नाही. बुलढाण्याकडून बारामतीला मजुरीसाठी आलेल्या, साठी ओलांडलेल्या लता करे नवऱ्याच्या तपासणीला पैसे नाहीत म्हणून नऊवारी लुगड्यात अनवाणी शर्यतीत उतरल्या आणि पहिल्या आल्या. मग मदत आली, बातम्या आल्या, 2020 मध्ये सिनेमाही आला आणि त्यात त्यांनी स्वतःचंच काम केलं. शर्यतीच्या आदल्या दिवशीही त्यांचा नवरा आजारीच होता. आदल्या दिवशी कोण धावून गेलं?

कॅनडाचा टेरी फॉक्स घ्या. कर्करोगात उजवा पाय गेलेला 21 वर्षांचा पोरगा. कर्करोगाच्या संशोधनाला पैसे हवेत म्हणून 12 एप्रिल 1980 ला कृत्रिम पायावर देश ओलांडायला निघाला. सुरुवातीला वारा, पाऊस आणि हिमवादळ, आणि रस्त्यावर विचारणारं फारसं कुणी नाही. 143 दिवसांत 5,373 किलोमीटर झाले तेव्हा रोग फुप्फुसात पोचल्याने तो थांबला. तोवर सगळा देश रस्त्याच्या कडेला येऊन उभा होता. संशोधनाची गरज एप्रिलातही तेवढीच होती. फक्त दमलेलं माणूस बघितल्याशिवाय खिशात हात जात नाही, हा रोग तिथेही आहे.

मुंबईची मॅरेथॉन 2004 पासून भरते, आणि तिथले बडे लोक आपापल्या संस्थेसाठी पैसे जमवतात ते याच तत्त्वावर. माझे नातेवाईक, जुने विद्यार्थी, पुण्यातले मित्र यांना मी नुसतं ‘वसतिगृहाला पैसे द्या’ म्हणालो तेव्हा हात जोडल्याची चित्रं आली. ‘मी 42 किलोमीटर पळणार आहे, खोकला आहे, घोटा सुजला आहे’ असं फोटोसकट कळवलं, तेव्हा पैसे आले. घोट्याचा फोटो सगळ्यात जास्त चालला. मुंबईतल्या धावपटूंना पेडर रोडच्या चढणीची दहशत आहे म्हणतात. मांजरसुंब्याच्या घाटापुढे तो गतिरोधक आहे, पण तसं मी देणगीदारांना सांगणार नाही. त्यांना मी भयंकर चढण असंच कळवलं आहे.

तेव्हा बप्पांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, आणि ते मंडळाने एकमताने उचलून धरल्याचं माझ्या कानावर आहे. रोज सकाळी मी समोरून गेलो की आता सगळेच ओरडतात, ‘सरळ द्या की सर!’ ठरावाबद्दल आभारी आहे. आता अंमलबजावणी व्हावी. मंडळात बप्पा सोडून कुणी अद्याप एक रुपया दिलेला नाही. बप्पांनी शंभराची नोट दिली आणि पावती नको म्हणाले. इतरांना पावती मिळेल, करात सवलतही मिळेल. थंडीत पळायची अट नाही, शेकोटीजवळून उठायचीही नाही. टपरीवाल्याच्या परवानगीने वसतिगृहाचा यूपीआय कोड त्याच्या कोडाशेजारीच चिकटवला आहे. चहाचे पैसे डाव्या कोडावर आणि मुलांचे उजव्या कोडावर टाकावेत, अदलाबदल करू नये, ही विनंती.

कळावे, लोभ आहेच,

आपला,
शुगर नसलेला सर