इंजिनाचा मंदाग्नी: निदान व चिकित्सा

खेळण्यातलं इंजिन धावतं, दिवा लावतं, शिट्टीही घालतं, पण धुराड्यातून धुराची जेमतेम एक रेघ निघते आणि पाहुणे आले की तीही निघत नाही. या व्याधीला आम्ही मंदाग्नी म्हणतो. व्याधी जीवघेणी नाही. रुग्णाला तिचा त्रास होत नाही, मालकाला मात्र झोप लागत नाही. म्हणून चिकित्सा दोघांचीही करावी लागते.

आधी शरीररचना. या इंजिनाच्या पोटात एक लहानशी डबी असते. डबीत विजेवर तापणारा रेझिस्टर, त्याला चिकटून काचेच्या तंतूंचा कापूस, कापसात मुरलेलं धुराचं तेल आणि शेजारी बोटाच्या पेराएवढा पंखा. तेल तापून त्याची वाफ होते, थंड हवेत तिचे सूक्ष्म थेंब बनतात आणि पंखा ते वर ढकलतो. आपण ज्याला धूर म्हणून टाळ्या वाजवतो ते म्हणजे हे थेंब. उष्णता हे पित्त, पंखा हा वात आणि तेल हा कफ. तिन्ही सम असतील तर प्रकृती उत्तम. चरक-सुश्रुतांनी आगगाडी पाहिली नव्हती ही त्यांची अडचण, आमची नव्हे.

अमेरिकेत लायोनेल कंपनीनं १९४६ साली आपल्या इंजिनाला धूर दिला, तेव्हा औषध गोळीच्या रूपात होतं. पुढच्या दिव्याच्या काचेला खळगा ठेवलेला, धुराड्यातून टाकलेली गोळी त्या खळग्यात बसून वितळायची. दिव्याची ऊब पुरेना, म्हणून दुसऱ्याच वर्षी तापणारी तार आली. गोळीच्या जागी तेल आलं ते बऱ्याच वर्षांनी. पंखाही तेव्हा नव्हता. चाकांबरोबर वरखाली होणारा एक दट्ट्या फुकफुक करत धूर बाहेर लोटायचा, त्यामुळे गाडी थांबली की फुंकरही थांबे. जुन्या जाणकारांना आजही तीच फुंकर खरी वाटते. आम्हालाही वाटते, पण ते इथे नोंदवण्याचं कारण नाही.

खऱ्या रेल्वेत न्याय नेमका उलटा होता, हेही रुग्णाच्या नातेवाइकांना सांगून ठेवावं. धुराड्यातून काळाभोर धूर निघाला म्हणजे कोळसा अर्धवट जळला, फायरमनचं काम कच्चं. मुंबईत तर धुराच्या उपद्रवाविरुद्ध १९१२ सालीच कायदा झाला. ज्या गोष्टीसाठी मोठ्या इंजिनाच्या फायरमनला बोलणी बसली असती, तीच मिळवण्यासाठी दिवाणखान्यातला गृहस्थ रात्र रात्र जागतो.

आता परीक्षा. छताचा पंखा बंद करा. निम्मे रुग्ण इथेच बरे होतात. मागे गडद पडदा आणि बाजूने दिवा असू द्या, कारण पांढऱ्या भिंतीपुढे पांढरा धूर धन्वंतरीलाही दिसणार नाही. गाडी गणपतीच्या आराशीत फिरत असेल तर तपासणी आरतीच्या आधी उरकावी. धूप-उदबत्ती पेटल्यावर कुठला धूर कुणाचा हे ठरवता येत नाही आणि आजोबा इंजिनाला उगाच शाबासकी देतात. इंजिनाच्या पोटाखाली किंवा केबिनमध्ये धुराचा खटका असतो, तो चालू आहे ना हे पाहावं. हे सांगताना आवाज खाली ठेवावा. मालक बहुधा इंजिनिअर असतो.

सर्वांत जास्त रुग्ण कफाचे. कारण सोपं आहे. धूर कमी आला की माणूस तेल ओततो, आणखी कमी झाला की आणखी ओततो. शेवटी डबीत तुडुंब तेल साठतं, रेझिस्टर त्यात बुडून गार पडतो आणि धुराड्यातून धुराऐवजी गुळगुळ आवाज येतो. औषध थेंबांनी द्यायचं असतं. एका इंजिनाला पाच पुरतात, दुसऱ्याला वीस लागतात. आकडा पुस्तिकेत छापलेला असतो आणि पुस्तिका माळ्यावरच्या खोक्यात असते. ती काढावी. तुंबलेल्या इंजिनाची वीज बंद करून, गार झाल्यावर कागदी रुमालाची बारीक पुरचुंडी धुराड्यात सोडावी आणि वरचं तेल टिपून घ्यावं. धुराड्याच्या तोंडाशी तेलाचा पडदा धरला असेल तर वरून एक फुंकर मारावी, डोळे मिटून. डोळे उघडे ठेवणाऱ्याला पुढच्या वेळी सांगावं लागत नाही.

लहान एचओ गाड्यांत, म्हणजे मूळच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाच्या गाड्यांत, बहुधा पंखाच नसतो. तिथे जर्मनीतल्या झॉइटे कंपनीची बारीक नळी तेल वर चढवून उडवते. ही नळी काठोकाठ भरली की गुदमरते. तिला अर्धपोटी ठेवणं हाच उपचार. आत मळ धरला असेल तर अगदी बारीक तार हलक्या हाताने फिरवावी. जोर केला तर नळी जाते आणि तिला दुसरा जन्म नसतो.

घरगुती औषधांबद्दल एकदाच सांगतो. खोबरेल तेल चालत नाही, त्याची राळ होते आणि घरात मिठाईच्या दुकानाचा जळका वास येतो. शिवणयंत्राचं तेल त्याच्या यंत्रात राहू द्यावं. रॉकेलचं नाव काढू नये, ते पेट घेतं. आणि धुराड्यात उदबत्ती खोचणं ही चिकित्सा नव्हे, फसवणूक आहे.

तेल योग्य आणि धूर तरी मंद, तर कापूस पाहा. तेल संपल्यावरही इंजिन फिरवत ठेवलं की हा कापूस करपतो, काळा आणि टणक होतो आणि तेल धरत नाही. वरचं झाकण काढा, स्क्रू वाटीत ठेवा (जेवायच्या वाटीत नको). करपलेला कापूस चिमट्याने उचला, नवा पिंजून सैल बसवा. तो रेझिस्टरला टेकला पाहिजे, पण पंख्याकडून येणाऱ्या हवेचं भोक झाकता कामा नये. इथे काचतंतूच हवा. देवघरातला साधा कापूस वापरला तर धूर भरपूर येईल, पण तो आगीचा असेल.

पित्ताचं गणित शाळेतलं आहे. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २७ ओहमचा रेझिस्टर १८ व्होल्टवर १२ वॅट देतो. व्होल्टेज निम्मं, म्हणजे ९ केलं, तर ६ नव्हे, ३ वॅट. जुन्या पद्धतीत वेग आणि उष्णता एकाच मुठीत असतात, त्यामुळे सावकाश चालणारी गाडी धूर कमी देणारच. तो रोग नाही, स्वभाव आहे. उपाय व्यायामाचा: मागे चार डबे जास्त जोडा. ओझं वाढलं की तेवढ्याच वेगासाठी व्होल्टेज चढवावं लागतं आणि अग्नी प्रदीप्त होतो. त्याआधी रूळ आणि वीज घेणारी चाकं स्पिरिटच्या फडक्याने पुसा. मळातून वीज नीट जात नाही. मल्टिमीटर लावून रेझिस्टर अनंत दाखवत असेल तर तो वारला. नवा त्याच ओहमचा बसवावा. कमी ओहमचा बसवून धूर वाढवणारे वैद्य आहेत, पण त्यांच्या इंजिनांची धुराडी पुढे वितळलेली आढळतात.

वाताचे विकार थोडे. पंख्यात केस अडकतो, आस सुकतो. केस काढा, आसाला सुईच्या टोकावरचं तेल द्या. झाकणाखालचं पॅकिंग फाटलं तर धूर धुराड्यातून न येता चाकांमधून येतो. त्या अपानवायूवर नव्या पॅकिंगशिवाय इलाज नाही.

एक पथ्य घरच्यांसाठी. धुराच्या तेलाची बाटली औषधांच्या कपाटात ठेवू नका आणि मुलांच्या हाती लागू देऊ नका. हे तेल गिळताना फुफ्फुसात उतरलं तर गंभीर इजा होते. तसं झालंच तर उलटी करवू नका, बाटली सोबत घ्या आणि खऱ्या डॉक्टरकडे जा.