भाऊंचा काटा

भाऊंच्या कोटाच्या डाव्या खिशात रुमाल असतो आणि उजव्या खिशात काटा. वर धरायला मूठ, खाली हुक, मधे आकडा दाखवणारी चिमुकली काच. विमानाची बॅग टांगून वजन बघायचा, तो. नोव्हेंबर लागला की लोक स्वेटर काढतात, भाऊ काटा काढतात. मग गावी जाऊन परत येईपर्यंत तो खिशातून हलत नाही.

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांत ही एक पोटजातच आहे. वर्षातून एकदा गावी जायचं, दोन बॅगा न्यायच्या, प्रत्येकी 23 किलो, आणि उरलेलं वर्ष त्या 46 किलोंचा विचार करायचा. भाऊ मूळचे मिरजेचे, 2009 पासून स्टुटगार्टजवळ ब्योब्लिंगनला. ते पहिल्या मजल्यावर, मी तिसऱ्या. मी सप्टेंबरातच आलो होतो, म्हणजे भाऊंच्या दृष्टीनं अजून पॅकिंगही न फोडलेला.

23 डिसेंबर 2023, शनिवार. सकाळी साडेसातला बेल वाजली.

"आवर. आज संध्याकाळी दुकानं मिटली की बुधवारी उघडणार."

"का? संप आहे?"

"संप कसला! उद्या रविवार, मग 25 आणि 26 दोन्ही दिवस नाताळ. आणि इथं रविवारची सुट्टी राज्यघटनेत आहे, बाबा. 1919 साली वायमारच्या घटनेत घातली, पुढच्या घटनेत तेच कलम उचलून ठेवलं. तुझं दूध संपलं म्हणून कोण बदलणार नाही ते." मग दोन मोठ्या पिशव्या माझ्या हातात देऊन म्हणाले, "तू हो खाली. मी एक काम करून आलोच."

पिशव्यांत रिकाम्या बाटल्या होत्या. जर्मनीत पाण्याच्या साध्या प्लास्टिकच्या बाटलीवर 25 सेंट अनामत घेतात. दुकानातल्या यंत्राच्या भोकात बाटली सरकवली की ती गरगर फिरते, तिच्यावरची खूण वाचली जाते आणि शेवटी हातात पावती पडते. अठरा बाटल्या गेल्या. एकोणिसावी चेपलेली होती, ती यंत्रानं परत ढकलली. पुन्हा दिली, पुन्हा परत. मी म्हटलं, जाऊ दे. भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी वडिलोपार्जित जमीन सोडून द्यायला सांगत होतो. त्यांनी झाकण काढलं, बाटली तोंडाला लावली आणि सनईवाल्यासारखे गाल फुगवून फुंकर मारली. टक्! बाटली गोल. झाकण लावून आत सोडली, यंत्रानं निमूट गिळली. मागे रांगेत तिघं होते, कुणी हसलं नाही. एका म्हाताऱ्या आजोबांनी तर मान डोलावली. इथले लोक स्वाबियन. काटकसरीबद्दल उरलेली जर्मनी त्यांची टिंगल करते. भाऊ या गावात का रमले, ते मला त्या मानेवरून कळलं.

"4 युरो 75. सव्वाचारशे रुपयांच्या वर सुटले," भाऊ म्हणाले.

त्याच पावतीतून काउंटरवर कॉफी घेतली तेव्हा मात्र म्हणाले, "दोनशेची तर आहे." मी मनात हिशेब मांडला तो जुळेना. नंतर उलगडलं. भाऊंकडे येणारा युरो आजच्या भावाचा असतो आणि त्यांच्याकडून जाणारा 2009 च्या, म्हणजे 67 रुपयांचा. चौदा वर्षं परदेशात सुखानं काढायची तर असा काहीतरी बंदोबस्त लागतोच.

आत किराणा घेतला. श्रीखंडासाठी क्वार्कचे चार डबे: इथला चक्काच तो, फक्त चाळीस टक्केवाला घ्यायचा, बिनस्निग्धाचा घेतला तर श्रीखंडाला खडूची चव येते. गल्ल्यावरची बाई वस्तू अशा वेगानं पलीकडे फेकते, की मी एक डबा पिशवीत घालेपर्यंत माझ्यासमोर डोंगर झाला होता. भाऊंनी तो हातानं सरळ ट्रॉलीत लोटला. "इथं भरायचं नसतं. इथून पळायचं असतं."

मग वाल्डेनबुख. चौकोनी रिटर स्पोर्ट चॉकलेटं जिथं होतात ते हे गाव, कारखान्याला लागूनच दुकान. भाऊंच्या यादीत माणसांपुढे किंमत नव्हती, ग्रॅम होते. सख्खी बहीण 1200. मेहुणे 500. मावसभाऊ 200. शेजारचे वकील, ज्यांनी बांधावरून भांडण काढलं होतं, 100. त्याहून लहान वडी मोठ्या माणसाला देता येत नाही म्हणून. दुकानात तुटक्या चॉकलेटांच्या पिशव्या स्वस्तात होत्या. मी त्या दाखवल्या, तर म्हणाले, "देण्याघेण्यात तुकडे चालत नाहीत. चावून दिल्यासारखं दिसतं." तरी एक पिशवी घेतलीच.

तेवढ्यात भाच्याचा फोन. "मामा, चॉकलेट नका आणू, तेच इथं मॉलमध्ये मिळतंय."

"मिळत असेल. पण ते विकत घेतलेलं असतं. हे आणलेलं आहे." फोन ठेवून भाऊंनी पिशवी काट्याला टांगली, हात खांद्याइतका वर नेला, एक डोळा मिटला. 4.3. आजूबाजूची पोरं चॉकलेट सोडून भाऊंकडे बघायला लागली.

येताना याच बॅगांतून भडंग येतं. मी एकदा विचारलं होतं, पेढे नाही का आणत? "पेढा आवडतो," भाऊ म्हणाले होते, "पण भडंग वजनाला बघ की."

संध्याकाळी स्टुटगार्टच्या नाताळबाजारात गेलो, कारण तोही त्याच दिवशी संपत होता. गरम वाइनच्या कपाची अनामत सोडली तर कप घरी नेता येतो, हे भाऊंनी मला शिकवलं. कप काट्याला लावला, आकडा पाहिला आणि अनामत परत घेतली.

घरी आलो तेव्हा खांदे निखळायच्या बेतात होते. पहिल्या मजल्यावर भाऊंनी सगळ्या पिशव्या उतरवून घेतल्या आणि ती तुटक्या चॉकलेटांची पिशवी माझ्या हातात ठेवली. "घे. दिवसभर फिरलास."

मी भरून पावलो. जिना चढून वर आलो, तर माझ्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी लटकत होती: केअरवोखे. या भागात जिना आणि दारापुढची वाट झाडायची पाळी घराघराला लागते; ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी. काल संध्याकाळी ती पहिल्या मजल्यावर होती. सकाळचं ते 'एक काम' मला आत्ता समजलं.

मोबाइल वाजला. भाऊंचा निरोप होता: "27 ला निघतोय. परत येईपर्यंत तुझ्याकडे. बर्फ पडला तर सातच्या आत काढायचा. बादली तळघरात आहे. भरली की सात किलो होते, जपून उचल."