रिक्त पदास अनावृत पत्र

प्रति,
मा. रिक्त पद (कनिष्ठ सहायक, गट क),
जिल्हा परिषदेची आस्थापना, दुसरा मजला, पंख्याखालची खुर्ची.

विषय : आपली प्रकृती ठणठणीत असल्याबद्दल अभिनंदन.

महोदय,

आपण अजून रिक्तच आहात हे कळलं, बरं वाटलं. मीही रिकामाच आहे. पण आपल्या दोघांच्या रिकामपणात फरक फार. आपण रिकामे असलात तरी 'मंजूर पद' हा मान कायम. आपल्यावर तक्ते निघतात, अधिवेशनात प्रश्न येतात, मंत्री उभं राहून उत्तर देतात. मी रिकामा दिसलो की केळझरच्या पानठेल्यावर विचारतात, "काय करून राहिला बे सध्या?" आणि उत्तराची वाट न पाहता खर्रा घोटत राहतात.

मार्च 2019 मध्ये आपली जाहिरात आली. राज्यभरात आपण 13 हजारांहून अधिक होतात. मी फॉर्म भरला, शुल्क भरलं, वर्ध्याला अभ्यासिकेत खुर्ची धरली. मग ज्या महापरीक्षा पोर्टलवर अर्ज भरले, तेच बंद झालं. करोनात तिजोरी आटली म्हणून 4 मे 2020 च्या शासन निर्णयाने, आरोग्यासारखी खाती वगळून, नवी भरती थांबली. 2022 मध्ये सगळी प्रक्रियाच रद्द. आणि ऑगस्ट 2023 मध्ये नवी जाहिरात आली तेव्हा आपण 19,460 झाला होतात! मंदीत एवढा वंशविस्तार दुसऱ्या कुणाला जमला नसेल. त्या परीक्षेत आपले पुष्कळ भाऊबंद भरले गेले. आपण तेवढे निसटलात, आणि यादीतून मीही.

मधल्या काळात आमचं वय वाढलं, याची सरकारने दखल घेतली हे मान्य करतो. मार्च 2023 मध्ये दोन वर्षांची सूट मिळाली, खुल्या गटाला 38 चे 40. तो शासन निर्णय माझ्या केसांपर्यंत मात्र पोचलेला दिसत नाही.

आमच्या गावाला महाभारतातली एकचक्रानगरी मानतात, म्हणजे बकासुर आमच्याच शिवारातला. टेकडीवरच्या सिद्धिविनायकाला येणारे भाविक बकासुराला राक्षस म्हणतात. मला आता तो फार शिस्तीचा अधिकारी वाटतो. घरागणिक पाळी ठरलेली, गाडाभर अन्न, दोन रेडे, एक माणूस. कुणाची पाळी कधी, हे आधी कळायचं. एकदा खाल्लेल्या माणसाला पुढच्या जाहिरातीत पुन्हा शुल्क भरायला तो लावत नसे. आपण बापाचा कापूस खाल्लात, आईची पोत खाल्लीत, माझी पंचविशी-तिशी खाल्लीत, आणि ढेकरही दिली नाही.

शेवटी मी बुटीबोरीच्या एमआयडीसीत गेलो. तिथे आपली सर्वांत मोठी करामत कळली. ठेकेदाराच्या माणसाने बायोडाटा उलटा-सुलटा केला. 'अनुभव' या रकान्यापाशी त्याचं बोट थांबलं.

"बीए झाल्यावर एवढी वर्षं काय केलं?"

"अभ्यास."

"कशाचा?"

आता आपलं नाव कसं सांगू? एका खुर्चीची वाट पाहत होतो, असं म्हणावं तर ते काम नव्हे, आणि कामच नव्हे म्हणावं तर मग पहाटे चारचा गजर कशाला लावत होतो? तो म्हणाला, "हेल्परले एवढं शिकलेला पोरगा टिकत नाही. वयही झालं." बाहेर एकाने शहाणपणाचा सल्ला दिला : पुढच्या गेटवर बारावीच लिही, मधली वर्षं 'शेती' म्हणून दाखव. पुढच्या गेटवर तेच लिहिलं, तेव्हा कुठे बारा तासांच्या पाळीवर घेतलं. तेही ऑर्डर असेल तोवर. ऑर्डर थांबली की आधी ठेकेदाराची माणसं कमी होतात, आणि त्यातही शेवटी आलेला आधी. म्हणजे मी पुन्हा रिकामा, आणि रकान्यात आणखी एक भोक.

आपल्याला मात्र 'मधल्या काळात काय केलं' असं कुणी विचारत नाही. आपल्या टेबलाचं काम शेजारचा बाबू 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून रेटतो. दाखल्यासाठी गेलेली म्हातारी तीनदा हेलपाटे घालते. तरी आपल्याला कुणी बिनकामाचं म्हणत नाही. सप्टेंबर 2023 मध्ये नऊ कंपन्यांमार्फत कंत्राटी माणसं भरायचा शासन निर्णय निघाला, तेव्हा माझ्याच काळजात धस्स झालं : आपणही ठेकेदाराकडे गेलात, तर आपल्या दोघांत फरक तो काय उरणार? ऑक्टोबरमध्ये तो निर्णय मागे घेतला गेला आणि आपण पुन्हा निर्धास्त रिकामे झालात.

तर एक नम्र विनंती. सदर उमेदवार जाहिरातीच्या दिनांकापासून आपल्या सेवेत अखंड ताटकळत होता, त्याची वर्तणूक समाधानकारक होती व या काळात त्याने दुसरीकडे कुठेही नोकरी धरू नये याची आपण स्वतः काळजी घेतली, असा अनुभवाचा दाखला द्यावा. बुटीबोरीच्या गेटवर दाखवायला कामी येईल. त्यावर राजपत्रित अधिकाऱ्याची सही लागेल. त्यांचं पद भरलेलं असेल तर घ्यावी, नसेल तर प्रभारींची चालेल.

आपला,
एक पात्र उमेदवार,
मु. पो. केळझर, ता. सेलू, जि. वर्धा