आवाजी अप्पा

कळमनुरीच्या स्टँडवरून नांदेडकडे निघालेल्या कुठल्याही गाडीत बसा. ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर, इंजिनाच्या झाकणापासून हातभर अंतरावर, एक अप्पा बसलेले असतातच. नाव वेगळं असेल, टोपी असेल-नसेल, पण मान तीच. गाडी स्टँडबाहेर पडून दुसऱ्या गिअरमध्ये जाते न जाते तोच ती मान डावीकडे कलते, डोळे अर्धे मिटतात आणि तोंडातली सुपारी जागच्या जागी थांबते. मग शेजाऱ्याला कोपर लागतं.

"ऐकू येऊ लालं का?"

शेजाऱ्याला तेव्हा बरंच काही ऐकू येत असतं. मागं पोरगं रडत असतं, कुणाच्या तरी मोबाइलवर भारूड चालू असतं, कंडक्टर सुट्ट्या पैशांवरून कुणाची तरी खरडपट्टी काढत असतो. पण अप्पांचा प्रश्न यातल्या कशाबद्दलच नसतो. 'हो' म्हणालात तर काय ऐकू आलं ते सांगावं लागतं. 'नाही' म्हणालात तर आखाडा बाळापूर येईपर्यंत ते तुम्हाला ऐकू आणून दिलं जातं. मी एकदा 'थोडं थोडं' म्हणालो होतो. त्याची शिक्षा अर्धापूरपर्यंत पुरली.

अप्पांची थट्टा करतोय खरा, पण त्यांचा कान खोटा नाही. तो घडला विहिरीवर. शेतात वीज यायच्या आधीच्या काळात मळ्यात डिझेलवरचं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन असायचं. संध्याकाळी ते चालू करून घरी जेवायला यायचं आणि ताटावर बसून अर्ध्या कोसावरची ती टुकटुक ऐकत राहायचं. विहिरीला पाणी असेतोवर आवाज जड, दमादमानं. पाणी तळाला गेलं आणि पंपानं हवा ओढली की इंजिनावरचा भार एकदम उतरतो आणि टुकटुक हलकी होऊन उधळते. तो फरक ऐकून हातातला घास टाकून पळालेली माणसं आमच्याकडं घरोघरी होती. अप्पा त्यांतलेच. पुढं विजेची मोटार आली. ती नुसती हूं करते. पाणी संपलं तरी हूं, असलं तरी हूं. अप्पांच्या मते तिला स्वभावच नाही. मग रिकामा झालेला कान त्यांनी गाड्यांना लावला. कळमनुरी गावाला रेल्वे नाही, ती गाठायला हिंगोलीला जावं लागतं. नाही तर आगीनगाड्यासुद्धा त्यांच्या तावडीतून सुटल्या नसत्या.

मराठीसारखी भाषा हाताशी असल्यावर या माणसाला स्टेथोस्कोप कशाला लागतो? टकटक म्हणजे टॅपेट. सकाळी पहिल्या स्टार्टला कुईकुई म्हणजे फॅनबेल्ट. क्लच सोडताना बुडाखाली खटक झालं तर क्रॉस गेला. घों-घों वेगाबरोबर चढत असेल तर चाकाचं बेअरिंग. खुळखुळ, खडखड आणि खरखर यांच्यात अप्पा जो भेद करतात तो एखाद्या व्याकरणकारानंही केला नसेल. एकदा त्यांनी मला बजावलं, "खडखड लोखंडाची अन् खुळखुळ पितळाची. बुश गेलं का खुळखुळतंय." मी मान डोलावली. नंतर तीन दिवस घरातला प्रत्येक डबा हलवून पाहत होतो.

नांदेड रोडवरचे खरे मेस्तरी याच्या अगदी उलट. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, दोन मिनिटं गप्प राहायचं आणि म्हणायचं, "बघावं लागंल." त्यांची एक साधी परीक्षा आहे. आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढतो-उतरतो की गाडीच्या वेगाबरोबर? उतारावर गाडी पळत असताना क्षणभर न्यूट्रल करून बघायचं. फेरे पडले तरी आवाज तसाच राहिला तर इंजिन निर्दोष, मग चाकं, टायर, पाटे नाही तर बॉडी. अप्पांना ही परीक्षा ठाऊक आहे, पण मान्य नाही. तिच्यात इंजिन सुटतं, आणि इंजिनाला सोडणं त्यांना आवडत नाही. दोष असेल तर तो पोटात असणार, ही त्यांची श्रद्धा. टायरचा घुमारा असो की काळ्या मातीवरच्या रस्त्याच्या लाटा असोत (आमच्याकडची माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, वर डांबर कितीही घाला), अप्पा खाली वाकून झाकणाकडेच बघतात.

नव्या गाड्यांनी त्यांचं जगणं अवघड केलं. आधी टर्बो आला. धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, त्याची ती बारीक शीळ. अप्पांनी सहा महिने तिला 'गळती' म्हटलं. एअरब्रेकच्या टाकीत दाब पुरेसा झाला की जास्तीची हवा आपोआप सुटते, फुस्स. नवखे प्रवासी टायर गेला म्हणून उठून उभे राहतात. अप्पा हात वर करून त्यांना बसवतात, "एअर सोडला. बसा." एवढं एक निदान त्यांचं शंभर टक्के बरोबर असतं, म्हणून ते पुन्हा पुन्हा करतात.

पण खरा घाव बसला तो १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ गाड्या आल्यावर. एका ड्रायव्हरनं सहज सांगितलं की या गाडीला डिझेलखेरीज युरियाचं पाणी घालावं लागतं. साडेबत्तीस टक्के युरिया. धुरातला विषारी वायू त्यानं मरतो. अप्पांनी गाडीकडं अशा नजरेनं पाहिलं की जणू ती रात्रीतून त्यांच्या सोयाबीनमध्ये शिरली होती.

"पेरणीला दुकानात दोन गोण्या मिळेनात अन् हिला टाकी भरून?"

त्यात भर म्हणजे ड्रायव्हरनं चावी काढली तरी खालून घुर्रर्र चालूच राहिलं. तो पंप नळीतला युरिया परत ओढून घेत होता. नाही तर तो नळीतच सुकून खडा होतो. अप्पा मात्र दोन पावलं मागं सरले. "चावी काढली तरी बोलू लाली! मेलेलं माणूस ढेकर देतंय का कधी?"

नंतर लेकीकडं पुण्याला गेले असताना जावयानं त्यांना विजेवरच्या 'शिवाई'त बसवून नगरला नेलं. १ जून १९४८ला एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली होती. १ जून २०२२ला पहिली शिवाईही त्याच रस्त्यानं गेली. जावयाला वाटलं, सासऱ्यांना कौतुक वाटेल. अप्पा परत आले ते उतरलेल्या चेहऱ्यानं. "कशी होती गाडी?" विचारलं तर बराच वेळ बोलेनात.

"गाडी बरी हाय," शेवटी म्हणाले, "पण तिच्यात वारं लई."

बंद काचांच्या वातानुकूलित गाडीत वारं कुठलं? पण त्यांचं म्हणणं खरं होतं. इंजिन धडधडत असतं तोवर बाकीचे आवाज त्याच्या पोटात जातात. ते गप्प झालं की टायरची गुणगुण आणि आरशाला घासून जाणाऱ्या वाऱ्याची शीळ पहिल्यांदा कानावर येते. चाळीसच्या वेगाला मुका असलेला वारा ऐंशीला बोलका होतो. हे सगळं अप्पांच्या शेजारी आयुष्यभर होतंच, कुणी ओळख करून दिली नव्हती. आणि वाऱ्याला काय दुरुस्त करणार? त्याचं झाकण कुठं उघडायचं?

वाऱ्यावर त्यांचा विश्वास बसला नाही तो नाहीच. गेल्या उन्हाळ्यात गल्लीतल्या एका पोराचं लग्न नांदेडला होतं. भाड्याच्या गाडीत वऱ्हाड भरलं. अप्पा झाकणाशेजारी, मी त्यांच्या मागं आणि माझ्या शेजारी खिडकीला नवरदेवाची मावशी. गाव सोडून चौपदरी रस्त्याला लागलो आणि आवाज सुरू झाला. खडखडखड. थांबायचा, पुन्हा खडखडखड.

अप्पांची मान कलली. "सेंटर बेअरिंग."

बाळापूर जवळ येईपर्यंत त्यात डिफ्रन्शलची भर पडली. पुढं गिअरबॉक्सवर संशय गेला. नवरदेवाचे काका आधी हसत होते, मग ऐकू लागले, मग त्यांनाही ऐकू येऊ लागलं. थोड्याच वेळात अख्खं वऱ्हाड श्वास रोखून बसलं. करवलीसुद्धा म्हणाली, "माझ्या पायाखाली होऊ लालं."

"काका, गाडी चालवू द्या," ड्रायव्हर म्हणाला.

"चालव ना. रस्त्यात शाफ्ट पडला तर मुहूर्त काय शाफ्टावर लावायचा?"

मुहूर्ताचं नाव निघाल्यावर ड्रायव्हरचा इलाज चालेना. वारंगा फाट्यावर त्यानं गाडी बाजूला घेतली आणि खाली शिरला. अप्पा उकिडवे बसून बाहेरून मार्गदर्शन करत होते. वर गाडीत मावशीनं पिशवीतून लग्नपत्रिका काढली, चार घड्या घातल्या आणि खिडकीच्या काचेच्या फटीत नीट ठोकून बसवली. "मेली कवाची डोकं उठवू लाली," असं मला म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

गाडी निघाली. आवाज नाही. डोंगरकडा मागं पडलं तरी नाही.

अप्पा मागं वळले. चेहऱ्यावर ते तेज. "बेअरिंग तापलं व्हतं. थांबल्यानं गार झालं." नवरदेवाच्या काकांनी त्यांना चहा कबूल केला. मी मावशीकडं पाहिलं. मावशीनं एक डोळा उघडला आणि मिटला.

नांदेड जवळ आलं तसं ड्रायव्हरनं विचारलं, "कार्यालयाचं नाव काय?" कुणालाच येईना. पत्रिकेचा फोटो होता तो मोबाइल नवरदेवापाशी, आणि नवरदेव पुढच्या गाडीत, फोन उचलत नव्हता.

"मावशीपाशी हाय पत्रिका," कुणीतरी ओरडलं.

मावशीनं सुस्कारा सोडून फटीतली घडी उपसली. खडखडखड. सगळी गाडी दचकली.

"ऐका!" अप्पा अर्धे उभे राहिले. "म्हणलो नव्हतो? पुलाचा चढ लागला का लोड येतंय अन् बोलतंय."

मावशीनं पत्रिका लांब धरून कार्यालयाचं नाव वाचलं, पत्ता वाचला, खाली छापलेली आपल्या नातवंडांची नावंही वाचली. मग पुन्हा चार घड्या घालून ती होती तिथं ठोकली.

"आता उतार लागला," अप्पा म्हणाले, "आता गप बसंल."

आणि ते गप बसलं.